डाव्या हाताच्या मापाचा

मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे किती जुना, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या कर्तबगारीला कुणी नशीब म्हणायला नको. माझी स्मरणशक्ती दोन जीबीची. तुमच्या घरातल्या साध्या मोबाइललासुद्धा याहून जास्त असते. माझ्या बिजागरीतला एक स्क्रू हरवला आहे, बॅटरीने कधीच राम म्हटलेला आहे आणि चार्जर काढला की मी जागच्या जागी झोपतो. माझ्या डाव्या बाजूच्या कळांवर लाल टिकल्या चिकटवलेल्या आहेत. हसू नका, मित्रांनो. त्या टिकल्या मी कपाळावरच्या कुंकवासारख्या मिरवतो.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले फारसे काही आठवत नाही. थर्माकोलमध्ये गुंडाळून मी समुद्रावरून आलो आणि छावणी भागातल्या बद्रीनाथ सरांच्या घरी उतरलो. सर गणिताच्या शिकवण्या घेत. त्या गल्लीत तेव्हा लॅपटॉप असलेले ते एकटेच, त्यामुळे पहिले आठ दिवस मला बघायला रीघ लागली होती. दसऱ्याला सरांनी माझ्यावर झेंडूचे फूल ठेवले आणि कुंकू लावताना ते पडद्यावर सांडू नये म्हणून किती जपले! मी मनात म्हटले, आपण राज्य करायला आलो आहोत.

राज्य सहा वर्षे टिकले. मग काय झाले कोण जाणे, माझ्या आतली प्रणाली दर दोन-तीन महिन्यांनी नवनवे काहीतरी अंगावर चढवून घ्यायला लागली. नको असलेले पाहुणे येतात, सतरंजी पसरतात आणि जायचे नाव घेत नाहीत, तसा प्रकार. सर बटण दाबून चहा प्यायला जात, चहा संपवून येत, तरी माझे चाक गरगर फिरतच असे. “म्हातारा झाला बिचारा,” असे ते एकदा म्हणाले. चिडून म्हणाले असते तर बरे वाटले असते. त्यांनी दया दाखवली, ती मला लागली. नवा लॅपटॉप आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे फाटका आकाशकंदील, पाय मोडलेले स्टूल आणि मी. चार वर्षे आम्ही एकमेकांचे तोंड बघत होतो. शेवटी एका साफसफाईत भंगारवाल्याने मला तराजूत टाकले. ज्याच्यावर गणिते सुटली त्याचे किलोवर मोजमाप झाले. यावर मी जास्त बोलत नाही.

भंगारातून मला उचलले ते गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या चांदपाशाभाईंनी. त्यांचे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. पंखे, मिक्सर, जुने रेडिओ, काहीही आणा. त्यांना माझा फक्त पडदा काढून हवा होता. त्यांनी पेचकस हातात घेतला होता, तेवढ्यात त्यांची मुलगी महेजबीन आतून आली.

“अब्बा, नक्को! ये मेरेकू दे दो.”

“अगे, ये डब्बे का क्या करती तू? इसमें जान कां है?”

“हौ, है. तुम देखो तो.”

महेजबीन कॉम्प्युटर शिकून नुकतीच पदवीधर झाली होती आणि नोकरी मिळेपर्यंत वडिलांच्या दुकानात बसत होती. तिला एक नाद होता. लिनक्स नावाची एक मोफत प्रणाली असते. ती माझ्यासारख्या म्हाताऱ्यांवर टाकायची आणि मग तिचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणारे सगळे रूप, आपल्या मनासारखे घडवायचे. त्यातही तिला आवडे ती सगळ्यात मोजकी, रिकामी मांडणी. त्यात आयते काहीच मिळत नाही. चित्रे नाहीत, याद्या नाहीत, कोपऱ्यात घड्याळसुद्धा नाही. साध्या अक्षरांची एक फाइल असते. तिच्यात ओळीओळीने लिहायचे की ही कळ दाबली तर हे कर, पट्टी वर लाव, रंग अमुक ठेव. जे लिहाल तेवढेच होते. जगभरातले असे हौशी लोक आपापल्या पडद्यांचे फोटो एकमेकांना दाखवतात आणि वाहवा मिळवतात. महेजबीनलाही ती वाहवा हवी होती.

तिने माझ्यातली जुनी अडगळ काढून टाकली. मी पंचवीस सेकंदांत जागा झालो, तेव्हा माझा मलाच विश्वास बसेना. पण मग तिने मला नटवायला घेतले. काळीभोर पार्श्वभूमी. मागे दौलताबादच्या किल्ल्याचे धूसर चित्र. काचेसारख्या आरपार खिडक्या, गोल कोपरे, उघडताना हळूच उमलणाऱ्या. फोटो जगभर गेला. चारशे लोकांनी वाहवा केली. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मी फार फुगलो होतो. या सगळ्या नटण्यामुरडण्याने मला पुन्हा धाप लागायला लागली आहे, हे मला कळत होते, पण मी गप्प बसलो. कौतुकापुढे धाप कोण मोजतो?

अशा नटलेल्या अवस्थेत मला सोमनाथ भेटला.

सोमनाथ बिडकीनचा. वय पस्तिशीचे. एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात बारा वर्षे पॉवर प्रेसवर काम करत होता. प्रेस म्हणजे लोखंडी पत्र्यावर दणका मारून त्यातून गाड्यांचे सुटे भाग पाडणारे यंत्र. तो बायकोला, तनुजाला, घेऊन दुकानात आला आणि पायरीशीच उभा राहिला. उजवा हात पँटच्या खिशात. बोलली ती तनुजाच.

“ताई, जुना कॉम्प्युटर हाय का एखादा? ह्यांना शिकायचंय. आठ दिवस हायेत फकस्त.”

हळूहळू सगळे कळले. पाच महिन्यांपूर्वी प्रेसमध्ये सोमनाथच्या उजव्या हाताची चार बोटे गेली होती. अंगठा तेवढा राहिला होता. जखम भरली, तो कामावर जायला निघाला, तेव्हा कारखान्याने त्याच्यासाठी गेटवरची खुर्ची काढून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायची, सलाम ठोकायचा. तपासणी विभागाचे प्रमुख अप्पाराव साहेब मात्र म्हणाले होते की तपासणीच्या खोलीत एक जागा रिकामी आहे. मापे घ्यायची, कॉम्प्युटरवर चढवायची, चिठ्ठी छापायची. खोलीतला कॉम्प्युटर दुसऱ्या कामात अडकलेला असतो, म्हणून स्वतःचा आणायचा आणि एक अख्खी पाळी काम करून दाखवायचे. जमले तर जागा त्याची. नाही जमले तर गेट.

“गेटवर बसायला मला लाज नाय,” सोमनाथ पहिल्यांदाच बोलला. “पण बारा वर्सं मी त्या पत्र्यात काढली, ताई. मशीन कुठं दुखायलंय ते मला आवाजावरून कळतंय. ते सगळं गेटवर बसून वाया जाईल.”

महेजबीनने मोठ्या ऐटीत मला त्याच्यापुढे सरकवले. तिच्याकडे होता तो सगळ्यात देखणा माल मीच. सोमनाथने डावा हात पुढे केला. एखादी खिडकी उघडायची तर दोन कळा एकदम दाबायच्या, एक या टोकाची, एक त्या टोकाची. त्याची डावी बोटे ताणली गेली, एकमेकांत अडकली. मी खिडकी उमलवायला घेतली आणि मध्येच धाप लागून अडकलो. दौलताबादचा किल्ला अर्धाच दिसत होता. सोमनाथच्या कपाळावर घाम आला.

“लई देखणं हाय, ताई,” तो हळूच म्हणाला. “पण मला नाय जमणार.” आणि तो पायरी उतरून रस्त्यावर गेला.

तनुजा मात्र हलली नाही. “देखणं नगं हाय आमाला,” ती म्हणाली. “कामाचं पायजे.”

महेजबीनचा चेहरा उतरला. चारशे लोकांची वाहवा एका वाक्यात पाण्यात गेली होती. पण पोरीत पाणी होते. ती स्वतः रस्त्यावर गेली, सोमनाथला हाताला धरून नाही, पण शब्दाला धरून परत घेऊन आली. स्टूल पुढे केले आणि म्हणाली, “भाऊ, चूक माझी आहे. तुम्ही बसा. त्या खोलीत नेमकं काय काय करायचं असतं, ते सगळं सांगा. मी आधी तेच विचारायला पाहिजे होतं.”

सोमनाथने सांगितले. दर अर्ध्या तासाला प्रेसवरून पाच नग आणायचे. भोकाचे माप घ्यायचे. पाच आकडे चढवायचे. मागच्या आकड्यांशी ताडून बघायचे. सगळे ठीक असेल तर त्या अर्ध्या तासाचा माल पक्का करून चिठ्ठी छापायची.

“म्हणजे चार कामं,” महेजबीन म्हणाली. “आकडा चढवायचा, मागचं बघायचं, चुकलं तर खोडायचं, पक्कं करायचं. चार कामांना चारच कळा. बाकी सब निकालती मैं.”

आणि तिने माझा सगळा साज उतरवला. किल्ला गेला. काच गेली. गोल कोपरे गेले. खिडक्यांचे उमलणे गेले. चांदपाशाभाई रेडिओची सुटलेली तार झाळत होते, त्यांनी मान वर करून बघितले आणि म्हणाले, “सजा-सजाया दुल्हा था बेचारा, पूरा फकीर कर दी तू!”

मलाही वाईट वाटले. मी तोंड वाकडे करणार होतो, पण तेवढ्यात तिने मला बंद करून पुन्हा चालू केले आणि मी चौदा सेकंदांत टुणकन उठून बसलो. सगळे अंग हलके! कळ दाबली की काम हजर. मित्रांनो, इतका तरुण मी बद्रीनाथ सरांच्या घरीसुद्धा कधी नव्हतो.

सात दिवस सोमनाथ आणि तनुजा रोज दुपारी बिडकीनहून काळीपिवळीत बसून येत. महेजबीनने आकड्यांच्या कळा माझ्या डाव्या बाजूला आणल्या. तीन ओळी, तीन-तीन कळा, आणि डाव्या अंगठ्याखाली शून्य. बिंदू टाकायचे काम माझ्यावर सोपवले, म्हणजे सोमनाथने एक-शून्य-शून्य-तीन दाबले की मी दहा बिंदू शून्य तीन लिहायचे. सगळे छान जुळले, तरी सोमनाथ सारखा चुकायचा. सातच्या जागी एक, तीनच्या जागी नऊ. महेजबीनला वाटले तो घाबरतो आहे. ती पुन्हा पुन्हा समजावून सांगायची, तो पुन्हा पुन्हा चुकायचा. दोन दिवस यातच गेले.

तिसऱ्या दिवशी तनुजा म्हणाली, “ताई, तुमी सात वर ठिवलाय. मोबाइलवर एक वर असतोय. ह्यांचा हात तिकडंच जायलाय.”

महेजबीनने कपाळावर हात मारून घेतला. तिने आकडे दुकानातल्या कॅल्क्युलेटरसारखे मांडले होते. सोमनाथने आयुष्यात कॅल्क्युलेटर कधी धरला होता? तिने फाइलमधल्या सहा ओळी बदलल्या. तनुजाने पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले, एकेक लाल टिकली कळेवर चिकटवली आणि पेनाने तिच्यावर आकडा काढला. त्या दिवसापासून सोमनाथचा हात धावायला लागला.

महेजबीन फाइल उघडून काही बदलायची, तेव्हा सोमनाथ मान पुढे करून बघायचा. “ही वळ कशाची?” “अन् ही?” तिला शिकवायला आवडायचे. रंग कसे लिहितात तेही तिने सांगितले. सहा शून्ये म्हणजे काळा, सहा वेळा ‘एफ’ म्हणजे पांढरा. वरची ओळ पाटीच्या, म्हणजे अक्षरांमागच्या पडद्याच्या, रंगाची, खालची अक्षरांच्या. सोमनाथने ते पाठ करून टाकले.

पाचव्या दिवशीची गोष्ट. माल पक्का करायची कळ महेजबीनने डाव्या करंगळीला दिली होती. सोमनाथचा हात घाईत तिथे लागला आणि पाचपैकी दोनच मापे झालेली असताना माल पक्का झाला, चिठ्ठीची आज्ञा सुटली. दुकानात छपाईयंत्र नव्हते म्हणून निभावले. महेजबीन हसली. सोमनाथ हसला नाही. त्याने करंगळी कळेवरून उचलली.

“ही कळ एका हाताची ठिवू नगा, ताई.”

“पण भाऊ, तुमच्यासाठीच तर मी…”

“ऐका माझं. प्रेसला दोन बटणं असत्यात. एक हिकडं, एक तिकडं. दोन्ही एकदम दाबल्याबिगर दणका बसत नाय. दोन्ही हात बटणावर, म्हंजी हात आत जाणारच नाय. अक्कल लावून केलेलं असतंय ते. पण त्यानं नग कमी निघत्यात. म्हणून मी उजवं बटण रबरानं बांधून ठिवलं. मीच. कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं माल सरकवायचा. नग लई निघायचे. माझं नाव व्हतं. दीड वर्स काय झालं नाय.”

तनुजाने तोंड फिरवले. हे तिलाही आजवर ठाऊक नव्हते, ते तिच्या पाठीवरून कळत होते.

आणि मग मित्रांनो, सोमनाथने खिशातून उजवा हात बाहेर काढला. पाच दिवसांत तो हात मी पहिल्यांदा बघत होतो. त्याने तो माझ्यावर ठेवला आणि अंगठा उजवीकडच्या मोठ्या कळेवर टेकवला. “ही करंगळी अन् ह्यो अंगठा. दोन्ही एकदम दाबल्याबिगर माल पक्का व्हयाचा नाय. असं लिहा.”

महेजबीनने ती ओळ लिहिली. चांदपाशाभाईंनी झाळायची कांडी खाली ठेवली आणि दारात जाऊन चार चहा सांगितले. त्या हाताचा तळवा माझ्यावर टेकला होता, तेव्हा मला भरून आले. यंत्राला काय भरून येणार, असे तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी सात वाजता मी सोमनाथच्या पिशवीत बसून कारखान्यात शिरलो. फोन गेटवर ठेवावे लागतात, म्हणजे महेजबीनला विचारायची सोय संपली. तपासणीची खोली म्हणजे पत्र्याच्या शेडचा एक कोपरा, अर्ध्या उंचीच्या भिंती घातलेला. अप्पाराव साहेब चष्मा कपाळावर चढवून उभे होते. माणूस कडक, पण सरळ.

“हा चालतो का?” माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले.

“पळतोय, साहेब,” सोमनाथ म्हणाला.

दोन-चार जुने सोबती डोकावून गेले. एक जण म्हणाला, “गेटवरची खुर्ची मी पुसून ठिवलीय बरं का, सोमनाथ!” चेष्टाच ती, पण सोमनाथच्या मानेची शीर उडाली.

पहिले पाच माल सुरळीत झाले. नग उजव्या अंगठ्याखाली दाबून धरायचा, डाव्या हाताने मापाचे अवजार भोकात घालायचे, आकडा वाचायचा, टिकल्यांवर बोटे नाचवायची. मी एका आकड्यातही अडखळलो नाही. साडेनऊ वाजले आणि सूर्य शेडच्या छताजवळच्या फटीत आला. ऊन सरळ माझ्या तोंडावर पडले. टेबल भिंतीत पक्के केलेले, चार्जरची वायर दोन हात लांब, मला हलवायला जागा नाही. माझा पडदा काळाभोर, त्यात सोमनाथला स्वतःचा चेहरा तेवढा दिसायला लागला. आकडे गायब!

महेजबीनला काळा रंग फार आवडे. गुलमंडीच्या त्या अंधाऱ्या दुकानात तो शोभून दिसे. सगळा साज उतरवला तरी काळा रंग तिने तेवढा ठेवून दिला होता, आणि उन्हाचा विचार ना तिला सुचला ना मला.

सोमनाथने डोक्यावरची टोपी काढून पडद्यावर आडवी धरली. थोडे दिसले. त्याने फाइल उघडली. वरच्या ओळीतली सहा शून्ये त्याने खोडली आणि सहा वेळा ‘एफ’ दाबले. पाटी पांढरी. आता खालची ओळ बदलायची होती, पण सवयीने त्याचा हात आधी जतन करायच्या कळेवर गेला आणि मी आज्ञाधारकपणे लगेच रूप बदलले. पांढऱ्या पाटीवर पांढरी अक्षरे! चुन्याने सारवलेल्या भिंतीसारखा मी कोरा झालो.

बाहेर प्रेस दणदणत होती. नऊ पन्नास. दहाच्या मालाला दहा मिनिटे. अप्पाराव साहेब दारातून बघत होते.

सोमनाथने डोळे मिटले. प्रेसवर पत्र्याखालचा साचा कधी दिसतो का? तिथे हाताला ठाऊक असते. उजव्या अंगठ्याने त्याने खाली जायची कळ एकदा दाबली. एक ओळ खाली. ओळीच्या टोकाला जायची कळ. सहा वेळा खोडले. मोजून, ओठ हलवत. मग डाव्या अंगठ्याने सहा शून्ये. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. जतन.

आणि पडद्यावर काळी कुळकुळीत अक्षरे उन्हात लखलखीत उभी राहिली. दारापासूनसुद्धा वाचता येतील अशी! मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. अप्पाराव साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, एवढीच त्यांची दाद.

पण खरी कसोटी पुढेच होती. भोकाचे माप दहा बिंदू शून्य शून्यपासून दहा बिंदू दहा मिलिमीटरपर्यंत चालते. सकाळी साडेसातला ते दहा बिंदू शून्य सहा होते. मग शून्य पाच. मग शून्य चार. साडेदहाला शून्य तीन, अकराला शून्य दोन. माझ्या पडद्याच्या वरच्या पट्टीत महेजबीनने मागच्या आकड्यांची एक बारीक रेघ काढून ठेवली होती आणि ती रेघ उताराला लागली होती. एकूण एक नग मापात. चिठ्ठी छापायला हरकत काहीच नव्हती. गेटवर ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता.

सोमनाथने करंगळी उचलली, अंगठा उचलला, आणि दोन्ही परत मागे घेतले. मग तो प्रेसच्या दिशेने कान देऊन बसला.

“काय झालं?” अप्पाराव साहेबांनी विचारले. “मापात आहे ना सगळं? मग अडकलंय कुठं?”

“आत्ता मापात हाय, साहेब. जेवणाच्या सुट्टीपत्तूर नाय राहणार. पंच झिजलाय.” पंच म्हणजे भोक पाडणारा दांडा. “रेघ बघा. अन् आवाज बघा. सकाळी टण वाजत व्हता, आता बद वाजायलाय. प्रेस थांबवा.”

“ट्रक उभा आहे, सोमनाथ. प्रेस थांबवायची म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तू चुकलास तर?”

“तर मी गेटवर जातो, साहेब. खुर्ची पुसलेलीच हाय.”

मित्रांनो, त्या क्षणाला माझा पंखासुद्धा थांबला होता. अप्पाराव साहेबांनी पाचांतला एक नग उचलला, भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. बोट अडकले. तिथे पत्र्याला कूस आली होती, बारीक, टोचणारी. त्यांनी वळून हात वर केला. प्रेस थांबली. कारखान्यात एकदम इतकी शांतता झाली की ट्रकचा हॉर्नही ओशाळला.

साचा उघडला. पंचाची कड गोल झाली होती आणि एका बाजूने टवका उडायच्या बेतात होता. आणखी शे-दोनशे दणक्यांत तो तुटून साच्यात अडकला असता. माल गेला असता, साचा गेला असता, आणि प्रेसवर उभ्या असलेल्या शिवराजच्या तोंडावर तुकडाही उडाला असता. शिवराज म्हणजे तोच, खुर्ची पुसून ठेवणारा. तो आला, सोमनाथसमोर उभा राहिला आणि त्याने सोमनाथचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

नवा पंच बसवला. बाराला माप पुन्हा शून्य सहा. माझी रेघ टुणकन वर गेली. सोमनाथने करंगळी आणि अंगठा एकदम दाबले, माल पक्का झाला, छपाईयंत्र कुरकुरले. चिठ्ठी अर्धी बाहेर आली होती, तेवढ्यात अप्पाराव साहेब म्हणाले, “थांब. ‘तपासणार’ची जागा कोरी आहे. नाव टाक.”

“कुणाचं, साहेब?”

“कुणाचं म्हणजे? इथं अजून कोण बसलंय?”

सोमनाथने बारा वर्षांत लाखो नग पाडले होते. ते कुठल्या कुठल्या गाड्यांत जाऊन बसले, गावोगाव फिरले. त्यातल्या एकावरही त्याचे नाव कधी नव्हते. त्याने डाव्या हाताने एकेक अक्षर शोधून नाव लिहिले. चिठ्ठी पुन्हा छापली, खोक्यावर चिकटवली, आणि नाव लावलेले ते खोके ट्रकमध्ये चढले. सोमनाथ दारात उभा राहून ट्रक वळेपर्यंत बघत होता. मग त्याने बाहीने डोळे पुसले आणि साडेबाराच्या मालाचे नग आणायला गेला.

संध्याकाळी तो आधी गुलमंडीत गेला, मग घरी. दुकानाच्या पायरीवर तनुजा सकाळपासून बसून होती. त्याचा चेहरा बघूनच तिला कळले. महेजबीनने आनंदाने टाळ्या पिटल्या, मग उन्हाची गोष्ट ऐकून जीभ चावली, मग माझी फाइल उघडून सोमनाथने डोळे मिटून लिहिलेली ओळ बघितली आणि वडिलांना हाक मारून दाखवली. चांदपाशाभाई मिठाई आणायला गेले ते दोन किलो घेऊनच आले. माझ्या कळांत जिलेबीचा पाक सांडला. मी तक्रार केली नाही.

आता मी तपासणीच्या खोलीतच राहतो. महेजबीनने पुन्हा कधी माझा फोटो जगाला दाखवला नाही. पांढरी पाटी, काळे आकडे, चार कळा, यात वाहवा मिळण्यासारखे काय आहे? पण एका बाईंना पाठदुखीमुळे वाकता येत नाही म्हणून महेजबीन सध्या त्यांच्यासाठी भंगारातला दुसरा एक लॅपटॉप घडवते आहे असे ऐकतो, आणि या वेळी तिने आधी दोन दिवस नुसते विचारण्यात घालवले.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊ धूळ खात पडला असेल. त्याला खाली काढा. त्याच्या अंगावरचे ओझे उतरवा, तो पळायला लागेल याची हमी माझी. पण त्याला नटवण्याआधी, ज्याच्यासाठी तो काढता आहात त्या माणसाजवळ जरा बसा. त्याला काय करायचे आहे ते विचारा, त्याचा हात कुठे पोचतो ते बघा. आणि कारखान्यात, शेतावर, कुठेही दोन हातांचे बटण असेल, तर तिथे दोन्ही हात ठेवा. नग थोडे कमी निघतील. निघू द्या.

माझे आयुष्य आता किती उरले आहे, मला ठाऊक नाही. पण काल संध्याकाळी मी मोजले: त्या पहिल्या नावाच्या चिठ्ठीपासून आजवर या खोलीतून दोन हजार एकशे चार खोकी बाहेर पडली, आणि प्रत्येकावर सोमनाथचे नाव आहे.